"नंतर डिलीट कर हं" असं ती म्हणाली होती

पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून मोजकंच देते.

"ताई, नमस्कार. मी पाथर्डी फाट्याला राहते, वय ३८, मिस्टर अंबड एमआयडीसीत आहेत, लग्नाला चौदा वर्षं झाली, मोठा मुलगा आठवीत. मागच्या महिन्यात सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती शोधायला यांच्या मोबाईलची गॅलरी उघडली तर तसले व्हिडिओ, बरेच. त्यातला एक वेगळा होता, यांच्या शाळेच्या ग्रुपवर आलेला, वर लिहिलेलं 'आपल्या नाशिकचं आहे भो, कॉलेजची पोरगी'. साध्या घरातली खोली, एक मुलगी, मोबाईल मुलाच्या हातात. ती हसत होती, कॅमेऱ्यात बघून म्हणाली, नंतर डिलीट कर हं. बाहेरून घंटागाडीचा आवाज येत होता. यांनी तो दुसऱ्या ग्रुपवर पण टाकलाय. मी भांडले तर म्हणाले सगळेच बघतात, ती स्वतः हसतेय, तिला काही नाही तर तुला काय, आणि तू ॲपवर त्या स्टोऱ्या वाचतेस ते काय आहे मग? ताई, मी वाचते, खरंय, यांना माहीत नसेल असं वाटायचं. मी गप्प बसले. अजून एक, ती क्लिप मी पण दोनदा पाहिली, एकदा आवाज बंद करून आणि एकदा कानाला लावून. आता मला सांगा, पॉर्न म्हणजे नक्की काय? ते बघतात ते, की मी वाचते ते पण? कुठपर्यंत चालतं आणि कुठून घाण सुरू होते?"

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि दर वेळी घंटागाडीपाशी थांबले, कारण तो आवाज आपल्या सगळ्यांच्या सकाळचा आहे, आपण डबा उचलून खाली पळतो तो आवाज, म्हणजे ती खोली कुठल्या तरी लांबच्या देशातली नाही, ती सिडकोत असेल, सातपूरला असेल, कदाचित तुमच्या मागच्या गल्लीत असेल. आणि मला वाटतं तुम्हाला पण पत्र लिहावंसं वाटलं ते त्या आवाजामुळेच.

आधी व्याख्येचं बोलू, कारण तुम्ही तेच विचारलंय आणि ते सोपं नाहीये. मी हा प्रश्न गेली कित्येक वर्षं बायकांच्या गटात, पालकांच्या मीटिंगमध्ये विचारत आलेय की पॉर्न कशाला म्हणाल, आणि उत्तरं ऐकली तर एका खोलीत बसलेल्या माणसांची वाटत नाहीत. कोणाला सिनेमातलं आयटम साँगच पॉर्न वाटतं, कोणाला सिरीयलमधला किस चालतो पण वेब सिरीज नाही, कोणी म्हणतं सगळे कपडे निघाले की मग पॉर्न, त्याआधी नाही. मला त्यातून एकच कळलं की प्रत्येक माणूस स्वतः जे बघतो त्याच्या एक पाऊल पुढे रेघ मारतो. तुमच्या मिस्टरांनी पण तेच केलं, तुम्ही पण तेच केलंत, आणि मी पण करत असेन.

मोठमोठ्यांना पण ही व्याख्या जमलेली नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले जज पॉटर स्टुअर्ट यांनी १९६४ साली निकालात लिहूनच टाकलं होतं की मला व्याख्या करता येत नाही पण समोर आलं की ओळखू येतं. आपल्याकडे अश्लील हा शब्द फार जुना आहे, ज्यात श्री नाही ते अश्लील, आणि संस्कृत काव्यशास्त्रात त्याचे तीन प्रकार सांगितलेत, एक लाज आणणारं, एक किळस आणणारं आणि एक अमंगल. बघा किती बारीक विचार केलाय, आपण आज लाज वाटली तरी घाण म्हणतो आणि किळस आली तरी घाण म्हणतो, त्यांनी दोन्ही वेगळं काढलं. पण मला त्या तिन्हीत एक गोष्ट कायम खटकते. लाज कोणाला, वाचणाऱ्याला. किळस कोणाला, ऐकणाऱ्याला. तिन्ही भाव इकडच्या माणसाचे. इंग्रजांच्या १८६८ च्या हिकलीन खटल्यातली कसोटी पण तशीच, हे वाचून कोणाचं मन बिघडेल का, आणि तीच आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६४ साली उचलली. पुढे २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या फोटोच्या केसमध्ये कोर्टाने ती कसोटी सोडली आणि सांगितलं की आजच्या समाजाच्या नजरेने बघा. चांगलंच झालं, पण नजर पुन्हा बघणाऱ्याचीच. जी दिसतेय तिला कोणी विचारलंच नाही, की बाई तुझं काय म्हणणं आहे, तुला हे चाललं का.

माझी रेघ तिथे आहे. किती कपडे निघाले, कोण कोणाबरोबर आहे, बघून मला कसंतरी झालं का, हे सगळं नंतर. आधी, जो माणूस त्यात दिसतोय त्याने मला बघायला हो म्हटलंय का?

आता ही रेघ तुमच्या तिन्ही गोष्टींना लावून बघू आणि तुमच्या स्टोऱ्यांपासून सुरू करते कारण ते पटकन होईल. तुम्ही वाचता त्यात कोणी जिवंत माणूस नाही. शब्द आहेत, कोणीतरी बसून लिहिलेत, त्यातल्या नायिकेचं घर नाही, आई नाही, तिला उद्या कामावर जायचं नाही. आपल्या मातीला शृंगार वाचायची लाज कधी नव्हती, तुमच्या फाट्यावरून पांडवलेणीचा डोंगर दिसतो ना, तिथे सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आणि त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेला गाथासप्तशती हा सातशे गाथांचा संग्रह आपल्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, त्यात गोदाकाठचं चोरटं प्रेम आहे, नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईची ओढ आहे, शरीराचं अगदी मोकळं बोलणं आहे. आणि अलीकडचं सांगते, चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२ च्या रंभाच्या दिवाळी अंकात आली, ती अश्लील म्हणून खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. सात वर्षं एका गोष्टीपायी! तेव्हा स्टोऱ्या वाचल्यात म्हणून तुमचं तोंड बंद व्हायचं कारण नव्हतं. तुमचं चुकलंय ते इतकंच की ते चोरून वाचलंत, आणि त्याबद्दल नंतर बोलते.

दुसरं, मिस्टर ज्या साईटवरचे व्हिडिओ बघतात ते. इथे मला ठाम हो किंवा ठाम नाही म्हणता येत नाही आणि उगाच म्हणणार पण नाही. मोठ्या माणसाने एकांतात स्वतःपुरतं पॉर्न बघणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही, केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये ते स्पष्ट सांगितलंय, विकणं, वाटणं, पसरवणं हा गुन्हा आहे. त्यात काम करणारे जर खरोखर मोठे असतील, आपल्या मर्जीने आले असतील, पैसे मिळाले असतील, तर माझी रेघ ओलांडली जात नाही. पण ते आपल्याला स्क्रीनवरून कळतं का? जगातल्या सगळ्यात मोठ्या साईटींपैकी एकीने डिसेंबर २०२० मध्ये, कार्ड कंपन्यांनी पेमेंट बंद केल्यावर, ज्यांच्या अपलोड करणाऱ्याची ओळख पटलेली नव्हती असे लाखोंनी व्हिडिओ एका झटक्यात काढून टाकले. म्हणजे तोपर्यंत लोक ते बघतच होते ना, आणि त्यात कोण मर्जीने होतं, कोण फसवून आणलेलं, कोणाची क्लिप जुन्या बॉयफ्रेंडने टाकलेली, हे बघणाऱ्याला काय ठाऊक. फुकट जे मिळतं त्याची किंमत कोणीतरी भरलेली असते आणि इथे ती कोणी भरली ते आपल्याला दिसतच नाही, मला ही गोष्ट फार त्रास देते आणि मिस्टरांना पण ती थोडी तरी त्रास द्यावी असं वाटतं.

आणि तिसरी, ती क्लिप. इथे मला जरा पण शंका नाही.

ती हसत होती हे मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पण कोणाकडे बघून हसत होती? मोबाईल धरलेल्या एका मुलाकडे. तुमच्या मिस्टरांच्या शाळेच्या ग्रुपमधल्या माणसांकडे बघून ती हसत नव्हती. आणि तिने तर अट पण घातली होती हो, स्वच्छ मराठीत, नंतर डिलीट कर हं. याहून स्पष्ट नाही कसं म्हणतात? आपल्या कायद्याने ही गोष्ट एकदाच नीट पकडलीय, आधी आयपीसीचं ३५४ सी होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७७ कलम, त्यात सरळ लिहिलंय की बाईने शूटिंगला हो म्हटलं असेल पण पसरवायला हो म्हटलं नसेल आणि तरी कोणी पसरवलं तर तो गुन्हा. शूटिंगची परवानगी वेगळी आणि दाखवायची परवानगी वेगळी. आयटी ॲक्टचं ६६ ई आहे, ६७ ए आहे, त्या ६७ ए मध्ये पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ते फक्त शूट करणाऱ्याला नाही, पुढे ढकलणाऱ्याला पण लागतं.

अजून एक सांगते आणि हे मिस्टरांना बसवून सांगा. ग्रुपवर म्हणे कॉलेजची पोरगी. अहो, आपल्याकडे अकरावी-बारावी पण कॉलेजच असतं. ती सतरा वर्षांची असली तर? मग ते पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात जातं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अल्पवयीन मुलांचं असलं काही बघणं, मोबाईलमध्ये साठवून ठेवणं हा पण गुन्हा होऊ शकतो, फॉरवर्ड केलं नसलं तरी. कोर्टाने तर त्याला पॉर्न हा शब्दच वापरू नका म्हटलं, ते मुलांचं शोषण आहे, तसंच म्हणा. मला तो निकाल वाचून बरं वाटलं, कारण शब्द बदलला की निदान बघणाऱ्याला आपण काय बघतोय ते कळतं.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे यायची, नर्सिंग करत होती, तपशील बदलून सांगते. तिची अशीच क्लिप फिरली. घरात आधी कळलं ते आईला, शेजारणीने मोबाईल पुढे केला आणि म्हणाली बघा बाई काय दिवस आलेत, शेजारणीला माहीत पण नव्हतं कोण आहे ते, चेहरा नीट दिसतच नव्हता. आईने चेहऱ्यावरून नाही ओळखलं. तिने पलंगावरची चादर ओळखली, थोरल्या मुलाच्या लग्नात आहेरात आलेली, निळ्या काठाची. शेजारणीला काही न बोलता घरी आली, चादर काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात घातली. पोरीने शिक्षण सोडलं, मामाकडे गेली. ज्याने पाठवली त्याला शिक्षा झाली का वगैरे मला विचारू नका, मी सांगायला बसले ते एवढ्यासाठी की त्या क्लिपला फॉरवर्ड करणारे सगळे तुमच्या मिस्टरांसारखेच होते, नोकरीला जाणारे, पोरांची फी भरणारे, आणि शेजारीण तर देवळात जाणारी बाई. कोणालाच आपण काही वाईट केलं असं वाटत नव्हतं. सगळ्यांनी फक्त पुढे ढकललं.

तुम्ही दोनदा पाहिलीत याची तुम्हाला लाज वाटतेय. पहिल्यांदा कुतूहल, ते माणसाला असतं, ते मी वाईट मानत नाही. दुसऱ्यांदा तुम्ही आवाज ऐकलात आणि मग ती नुसती शरीर राहिली नाही, ती कोणाची तरी पोरगी झाली. आता तिसऱ्यांदा बघू नका, बस. स्वतःला घाणेरडी म्हणू नका आणि मिस्टरांना पण म्हणू नका, मी हे त्यांची बाजू घ्यायला म्हणत नाहीये, घाणेरडा म्हटलेला माणूस फक्त स्वतःला वाचवत बसतो, त्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही.

दोघांमधलं आता. मला वाटतं नवरा-बायकोत पॉर्नपेक्षा जास्त दुखतं ते लपवणं. तुम्ही स्टोऱ्या लपवल्या, त्यांनी व्हिडिओ लपवले, चौदा वर्षं एका पलंगावर झोपून दोघांनी दोन वेगळे मोबाईल भिंतीकडे तोंड करून वाचले. सगळं एकमेकांना दाखवलंच पाहिजे असं नाही, माणसाला स्वतःचा कोपरा असावा, पण कोपरा असणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. त्यांना विचारा, रागाने नाही, की तू हे किती वेळ बघतोस, न बघता राहता येतं का, माझ्याजवळ येताना तुझ्या डोक्यात मी असते का. आणि तुमचं पण सांगा, मी काय वाचते, मला त्यात काय आवडतं. एक गोष्ट मी पत्रातून काढली होती, की त्यांनी बघितलेलं काहीतरी तुमच्यावर करून बघायचा हट्ट धरला होता आणि तुम्हाला नको होतं. ती रेघ इथे पण तीच आहे. तिथे सगळं अभिनयाचं, कट करून जोडलेलं असतं, ते काही शिकायचं पुस्तक नाही, आणि तुम्हाला नको तर नको, त्याला कारण द्यावं लागत नाही. नको म्हणत असताना बाईला पॉर्न दाखवणं याला तर कायदाच लैंगिक छळ म्हणतो.

हे सगळं मी इथे उघड लिहितेय तर मला र. धों. कर्व्यांची आठवण येते. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी समाजस्वास्थ्य चालवलं, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, आणि १९३४ मध्ये त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी ते हरले आणि दंड भरावा लागला. ज्या काळात लोकांना खरी माहिती देणं अश्लील ठरलं तो काळ गेला असं म्हणायचं, आणि आज बघा, आपल्याला लैंगिक शिक्षणाचा तास नको असतो पण ग्रुपवर कोणा पोरीची क्लिप चालते. हे उलटं आहे आणि मला याचा खरंच राग येतो.

आता करायचं काय. ती क्लिप कोणालाच पाठवू नका, पुरावा म्हणून मैत्रिणीला सुद्धा नाही, मला तर नाहीच. कोणत्या ग्रुपवर, कोणत्या तारखेला, कोणाच्या नंबरवरून आली ते कागदावर लिहून घ्या आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, तिथे बायका आणि मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देता पण करता येते. मग दोन्ही ग्रुपमधून मिस्टरांनी जे डिलीट होतंय ते करावं, गॅलरीतून, बॅकअपमधून, आणि व्हॉट्सॲपचं ऑटो डाऊनलोड बंद करावं, कारण तुमचा आठवीतला मुलगा बाबांचा मोबाईल घेत असणारच, आणि तुम्ही पावती शोधायला गेलात तसा तो पण कशाला तरी जाईल. चुकून त्या मुलीची ओळख लागली तर तिच्या घरी कोणी काही सांगायला जाऊ नका, फक्त तिलाच, आणि बाईमाणसाने, आणि तिला सांगा की स्टॉप एनसीआयआय नावाची एक फुकट सोय आहे, तिथे व्हिडिओ अपलोड न करता, आपल्याच मोबाईलवर त्याचा एक कोड बनतो आणि त्यात सामील झालेल्या साईटी तो ओळखून अडवतात.

आणि एक काम मिस्टरांचं, ते तुम्ही करू नका, त्यांनीच करायचं. ज्या ग्रुपवर त्यांनी टाकलं तिथे लिहायचं. त्यांना सुचत नसेल तर हे द्या: "मी परवा टाकलेला व्हिडिओ टाकायला नको होता. त्या मुलीने तो आपल्यासाठी काढलेला नाही. माझ्याकडून डिलीट केलाय, तुम्ही पण करा, पुढे पाठवू नका." जड जाईल, शाळेचे मित्र हसतील, कोणीतरी स्मायली टाकेल. पण त्या ग्रुपमध्ये निदान दोघे-तिघे असे असतील ज्यांना पहिल्या दिवसापासून हेच म्हणायचं होतं आणि कोणी आधी बोलेल का म्हणून ते थांबलेत.

मुलं झोपल्यावर बोला, जेवताना नको. त्यांनी लिहिलं की मला कळवा.